ब्राउनीचा विमा निघतो, मग गंगीचा का नाही?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या एका उपनगरात राहणाऱ्या, खासगी शाळेत शिकवणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या ताईंचं हे पत्र आहे. यजमानांचं उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे, कामं येतील तसा पैसा येतो. घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, अकरावीतला मुलगा आणि दोन कुत्र्या. ब्राउनी ही पाच वर्षांची लॅब्रॅडोर, मुलाच्या हट्टापायी अठरा हजार देऊन आणलेली. गंगी गावठी. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात, पाणी ओसरताना शाहूपुरीतल्या एका जिन्याखाली भिजून कुडकुडणारं पिल्लू यजमानांनीच खिशात घालून घरी आणलं, तीच ही. गेल्या पावसाळ्यात ब्राउनीला गोचीड ताप झाला. सलाइन, रक्ताच्या तपासण्या, औषधं मिळून तीन आठवड्यांत सोळा हजार गेले, आणि ताईंचे भिशीचे पैसे त्यातच संपले. मग ओळखीच्या एजंटने ब्राउनीसाठी वर्षाला ९,२०० रुपये हप्त्याची पॉलिसी सुचवली. गंगीचं विचारलं तर म्हणाला, "गावठीचा कुठं विमा निघतो? तिला किंमत काय?" वर, "फॉर्मात त्या तापाचं काही लिहू नका," असाही सल्ला दिला. यजमान म्हणतात, "माणसांचंच भागंना झालंय, आणि कुत्रीचा विमा काढायचा व्हय?" मुलाचं म्हणणं, काढायचा तर दोघींचा, नाहीतर कुणाचाच नको, आठवडाभर तो आईशी धड बोललेला नाही. ताई विचारतात, विमा काढू का? एकीचाच काढला तर दुसरीवर अन्याय होईल का? शेवटी लिहितात, "पैशापायी एखादीला वाचवता आलं नाही, तर माझं मन मला खाईल." (दोघींची नावं बदलली आहेत.)

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि ते तुमचं नाहीच, एजंटचं आहे. "तिला किंमत काय?" तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले, कारण तुमच्या घरातला निम्मा घोळ त्या वाक्याने घातलाय.

हे सदर लिहायला लागण्याआधी अठरा वर्षं मी सामान्य विम्याच्या कार्यालयात दाव्यांच्या टेबलावर काढली. आपल्या जिल्ह्यात त्या टेबलावर काय येतं, हे गोठा असलेल्या कुणालाही माहीत आहे. गाय किंवा म्हैस दगावली की मालक कानासकट विम्याचा बिल्ला कापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन यायचा. बिल्ला नाही तर दावा नाही. हा विमा मरणाचा. वेत कितवं, दूध किती, यावरून जनावराची बाजारातली किंमत ठरते आणि ते गेलं की ती किंमत मालकाच्या हातात पडते. दुधावर घर चालणाऱ्याला तो विमा हवाच, कारण म्हैस गेली की घरातली मिळकत जाते. आपल्याकडे कुत्र्यांचा विमाही आधी याच साच्यातून आला. सरकारी सामान्य विमा कंपन्यांच्या जुन्या श्वान पॉलिसी मुख्यतः कुत्रा दगावला तर त्याची किंमत देण्यासाठी होत्या. त्या साच्यात बसवून बघितलं तर एजंट चुकीचं बोललेला नाही. ब्राउनीची अठरा हजारांची पावती आहे, गंगीची नाही.

पण मला सांगा, ब्राउनी गेल्यावर कुणी अठरा हजार हातावर ठेवले, तर त्याचं तुम्ही काय करणार? तुम्हाला भीती वाटते ती दवाखान्याच्या बिलाची. त्यासाठी उपचाराचा विमा लागतो आणि तो गेल्या काही वर्षांत खासगी कंपन्यांनी आपल्याकडे आणलाय. त्यात विम्याची रक्कम म्हणजे वर्षभरात उपचारांवर जास्तीत जास्त किती पैसे मिळतील ती मर्यादा. कुत्रं कितीला घेतलं, याचा तिथे फारसा संबंध नाही. मांडीचं हाड मोडलं तर एक्स-रे, भूल, आत बसवायची प्लेट आणि पुढचं ड्रेसिंग, या कशाचाच दर डॉक्टर जात बघून सांगत नाहीत. गंगीचं हाड ब्राउनीच्या हाडाइतकंच महाग आहे.

तेव्हा पहिलं काम हे करा, की एजंटला बाजूला ठेवून दोन-तीन कंपन्यांच्या ग्राहक सेवेला स्वतः फोन लावा आणि सरळ विचारा: देशी किंवा मिश्र जातीच्या कुत्र्याला तुमचा उपचार विमा मिळतो का? काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. ज्या देतात त्या गंगीच्या वयाचा पुरावा मागतील. पुरातून आलेल्या पिल्लाचा जन्मदाखला कुठून आणायचा, असं वाटून हातपाय गाळू नका. दात आणि एकूण चण बघून तुमचे डॉक्टर अंदाजे वयाचा आणि तब्येतीचा दाखला देऊ शकतात. ओळखीसाठी फोटो लागतात. कुठे मायक्रोचिप विचारतात, तर कुठे नाकाचा ठसा. माणसाच्या बोटासारखा कुत्र्याच्या नाकाचा ठसाही ज्याचा त्याचा वेगळा असतो. मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी चिप. मानेमागे कातडीखाली सुईने बसवतात आणि यंत्र फिरवलं की तिच्यातला पंधरा आकडी नंबर दिसतो. तिने कुत्रं कुठे आहे ते मोबाइलवर कळत नाही, हे आधीच सांगते, कारण बरेच जण तसं समजून पैसे घालतात. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचं काम ती करते, तेवढंच.

आता "एकीचाच काढायचा तर कुणाचा?" याकडे येऊ. ब्राउनीचाच, असं तुम्ही धरून चालला आहात. का? ती विकत आणली म्हणून, की ती आजारी पडून गेली म्हणून? तुम्हीच लिहिलंय की ब्राउनी पट्ट्याशिवाय बाहेर पडत नाही आणि गंगी दिवसभर गल्लीत असते, दूधवाल्याच्या गाडीमागे रिंग रोडपर्यंत धावते. अपघाताचा धोका यातल्या कुणाला जास्त आहे, ते तुम्हीच बघा. ब्राउनीचे धोके निराळे. लॅब्रॅडोर सुटतो लवकर, वजनाचा भार सांध्यांवर येतो, आणि मागच्या पायाच्या खुब्याचा दोष या जातीत आढळतो. म्हणजे एकीला रस्त्याचा धोका, दुसरीला वयाचा. तुमचा मुलगा रागाच्या भरात बोलला असेल, पण दोघींना एकाच मापाने मोजा हे त्याचं म्हणणं हिशोबालाही धरून आहे.

दोघींचा परवडणार कसा, हा पुढचा प्रश्न. ९,२०० चा जो कागद तुम्ही जोडलाय, त्यात मृत्यू, चोरी, हरवणं, ओपीडी, शस्त्रक्रिया, दवाखान्यात दाखल होणं, दुसऱ्याला केलेली इजा, सगळं एकत्र बांधलंय. ही जेवणाची पूर्ण थाळी आहे, तुम्हाला भूक भाकरी-आमटीची. शस्त्रक्रिया आणि दाखल होणं एवढंच ठेवून हप्ता किती होतो, ते विचारा. मृत्यू आणि चोरीचा भाग काढता आला तर काढा. ओपीडीचाही मोह सोडा. उलटी, कानदुखी, खाज यासाठीचे पाचशे-हजार तुम्ही आजही भरता आणि पुढेही भराल. अशा किरकोळ बिलांसाठी हप्ता वाढवून घेण्यात काही हशील नसतं, शिवाय ओपीडीची मर्यादा बहुधा छोटीच असते. विमा घ्यायचा तो ज्या बिलाने भिशी मोडावी लागते, त्या बिलासाठी.

दुसऱ्याला झालेल्या इजेचा भाग मात्र इतक्या सहज खोडू नका. गंगी गाडीमागे धावते आणि एखादा दुचाकीवाला पडला, तर खर्च तुमच्या दारात येईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा फार तर नुकसानभरपाईचे पैसे देईल, त्या कलमातून सोडवणार नाही. म्हणून गंगीला पट्ट्याची सवय लावणं कुठल्याही पॉलिसीच्या आधी. चार वर्षांच्या गावठी कुत्रीला ती लागते, फक्त रोज दहा-दहा मिनिटं चिकाटी लागते.

हप्त्याखालची बारीक अक्षरं एका उदाहरणाने सांगते. समजा ४०,००० रुपयांचं बिल झालं. पॉलिसीत २,००० रुपयांची वजावट आहे, म्हणजे पहिले दोन हजार तुमचे. उरले ३८,०००. त्यावर वीस टक्के तुमचा सहभाग, म्हणजे ७,६०० पुन्हा तुमचे. हातात येणार ३०,४००. आणि शस्त्रक्रियेसाठी पॉलिसीत वेगळी २५,००० ची मर्यादा घातलेली असेल, तर ३०,४०० सुद्धा नाहीत, पंचवीसच. एजंटने तुम्हाला विम्याची पन्नास हजारांची रक्कम तेवढी सांगितली, बाकीचं काही नाही. वजावट किती, सहभाग किती, आतल्या मर्यादा किती, आणि हप्ता करासकट किती, ही चार उत्तरं ईमेलवर मागून घ्या. फोनवर मिळालेल्या उत्तराला दाव्याच्या वेळी कुणी विचारत नाही.

शिवाय बहुतेक वेळा पैसे आधी तुम्हालाच भरावे लागतात आणि नंतर परत मिळतात. माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात कार्ड दाखवून कॅशलेस होतं, तसं आपल्या इथल्या जनावरांच्या दवाखान्यात होईल असं धरून चालू नका. म्हणजे विमा असूनही रात्री अकरा वाजता वीस-पंचवीस हजार हाताशी लागणारच. याकडे मी परत येते.

त्याआधी फॉर्म. गोचीड तापाचं लिहू नका म्हणणाऱ्या माणसाकडून पॉलिसी घेऊ नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण अशी फाइल बंद करताना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघणं काय असतं, ते मी अनुभवलंय. लपवलेलं कसं उघड होतं, माहीत आहे? कंपनीला गुप्तहेर नेमावे लागत नाहीत. पुढच्या वेळी ब्राउनीला दाखल केलं की तुमचे डॉक्टर केसपेपरवर प्रामाणिकपणे लिहितात, 'गेल्या वर्षी गोचीड तापाचा उपचार झालेला'. तोच केसपेपर तुम्ही स्वतःच्या हाताने दाव्याला जोडता. खरं लिहिलं तर फार तर गोचीड ताप आणि त्याच्याशी जोडलेले आजार वगळतील, बाकीचा विमा शाबूत राहील. लपवलं तर पाय मोडल्याच्या दाव्यावरही बोट ठेवायला जागा मिळते. आणि हा ताप वरवर बरा होऊन शरीरात दबा धरून राहू शकतो, महिन्यांनी पुन्हा डोकं काढू शकतो. म्हणून विमा असो-नसो, पावसाळ्याआधी ब्राउनीची रक्त तपासणी एकदा करून घ्या. दोघींना गोचिडांचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने, न चुकता द्या. एकीच्या अंगावरची गोचीड दुसरीच्या अंगावर जायला एक गोणपाट पुरतं.

माणसांच्या मेडिक्लेमचे नियम इथे लागू होतील, हा आणखी एक समज मोडायला हवा. माणसांच्या आरोग्य विम्यात सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. वय झालं म्हणून नूतनीकरणही नाकारता येत नाही. कुत्र्याच्या पॉलिसीत यातलं काहीच गृहीत धरू नका. नव्याने घ्यायचं वय ठरलेलं असतं, नूतनीकरण कुठवर चालेल तेही ठरलेलं असतं, आणि मोठ्या चणीच्या जातींना या मर्यादा लहान जातींपेक्षा अलीकडे असतात. लॅब्रॅडोर साधारण दहा-बारा वर्षं जगतो. म्हातारपणाचे आजार सुरू होतात, नेमक्या त्याच वयात विमा हात सोडून देतो. ब्राउनी पाच वर्षांची आहे, म्हणजे घ्यायचा तर यंदाच. पुढच्या वर्षी दार उघडं असेलच असं नाही. दार उघडं असलं तरी ते किती वर्षं उघडं राहणार, हेही त्या ईमेलमध्ये विचारा. आणि पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस आजारपणाचा दावा चालत नाही, म्हणून आभाळ भरून आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. हप्त्यावर प्राप्तिकरात सूटही नाही. माणसांच्या आरोग्य विम्यावरच्या सवलतीत जोडीदार, मुलं, आई-वडील बसतात, कुत्री बसत नाहीत.

लसीकरणावर थोडं थांबते, कारण दावे सगळ्यात जास्त इथे अडकतात. ज्या रोगावर लस आहे आणि ती वेळेवर दिलेली नाही, त्या रोगाचे पैसे कंपनी सहसा देत नाही. म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज, लेप्टो. लेप्टो आपल्या गावाने हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उंदरांच्या मुतातून तो साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला धरतो, आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. त्याच्या जोडीला एवढं पाठ करा, की पाणी चढायच्या आधी दोघींची लेप्टोसह वार्षिक लस झालेली हवी. दवाखान्यात 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात ती. तिच्यात लेप्टो आहे ना, ते विचारून घ्या. रेबीजची वेगळी असेल तर तीही. लस दिली की कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून, तारीख, सही-शिक्का घ्या, आणि लगेच कार्डाचा फोटो काढून ठेवा. २०१९ च्या पुरानंतर माझ्या टेबलावर चिखलाने भरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली कागदपत्रं घेऊन माणसं आली होती. त्यातला एक गृहस्थ आपल्या कारवान कुत्र्याचं लसीचं कार्ड उन्हात वाळवून आणलेलं दाखवत होता. त्यावरची एकही तारीख वाचता येत नव्हती. मी काही करू शकले नाही. ते कार्ड अजून आठवतं.

दोघींची नसबंदी झालीय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर विम्याच्या हप्त्याआधी त्यावर खर्च करा. नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी कुत्री खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, उलट्या करू लागली, मागून घाण जायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. तेव्हा घाईत होणारी शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि जोखमीची. नसबंदीचा खर्च पॉलिसीत सहसा बसत नाही, पण तिच्यामुळे टळणारं बिल मोठं असतं.

आता यजमानांचं. त्यांच्यावर तुमचा राग दिसतो पत्रात. पण पुराच्या पाण्यातून ते पिल्लू खिशात घालून आणणारा माणूस तोच ना? "माणसांचंच भागंना" म्हणताना त्यांना कुत्री नकोशी आहेत, असं मला वाटत नाही. दर महिन्याला कुठून काय भागवायचं, याचा घोर त्या वाक्यात आहे. आणि त्यांनी लावलेला क्रम बरोबर आहे. तुम्हीच लिहिलंय, चौघांपैकी तिघांचाच मेडिक्लेम आहे, सासूबाईंचं वय झालं म्हणून त्यांना घेतलं नाही. आधी तो प्रश्न सोडवा, त्याला पैसेही लागत नाहीत. ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, घरचं उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचाराचं वय वंदना कार्ड मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते सुरू आहे. आधार कार्ड आणि सासूबाईंना घेऊन एखादं सेवा केंद्र गाठा, किंवा योजनेत असलेल्या हॉस्पिटलातल्या मदतकक्षात जा. ते कार्ड घरात आलं की मग यजमानांशी ब्राउनी-गंगीचं बोला. त्याच बोलण्याचा सूर बदललेला दिसेल.

आणि बोलायला बसाल तेव्हा हप्त्यापासून सुरू करू नका. रात्री अकराचे वीस हजार कुठून येणार, तिथून सुरू करा. माझ्या मते तुमच्या घराला विम्याच्याही आधी दोघींच्या नावाची वेगळी गंगाजळी हवी. महिन्याला बाराशे बाजूला पडले तर वर्षाला १४,४०० होतात, म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या बिलाच्या जवळपास. यजमानांची मिळकत वरखाली होते, म्हणून हे पैसे तुमच्या पगारातून, पगार झाल्याच्या दिवशीच जाऊ देत. बँकेत वर्षाची आवर्ती ठेव किंवा साधं वेगळं बचत खातं चालेल. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही, म्हणून या कामाला ती नको. भिशीही नको. नंबर लागेपर्यंत कुत्री आजारी पडायची थांबत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि दोन पैसे व्याज जास्त देतात, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जे सरकारी ठेव विम्याचं कवच असतं, ते पतसंस्थेला नसतं. हा पैसा घोर कमी करायला ठेवायचाय, त्यात नवा घोर नको.

तर माझा कौल असा. गंगाजळी आजपासून. लस, गोचिडांचं औषध, नसबंदी पावसाळ्याआधी. त्यानंतर शस्त्रक्रिया आणि दाखल होणं एवढ्यापुरता, लहान रकमेचा विमा दोघींचा. एकीच्या पूर्ण थाळीऐवजी दोघींना भाकरी-आमटी. दोन्ही हप्ते मिळून तो ९,२०० चा आकडा ओलांडत असतील, किंवा गंगीला कुणीच घेत नसेल, तर ब्राउनीचा तेवढा काढा, वय निघून चाललंय म्हणून, आणि गंगीच्या हप्त्याचे पैसे गंगाजळीत टाका. आणि दोघींचाही जमला नाही, तर गंगाजळीवरच भागवा. तसं करणारी घरं काही कमी माया करत नाहीत.

तुमच्या शेवटच्या ओळीवरही बोलायला हवं, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पैशापायी वाचवता आलं नाही तर मन खाईल, असं तुम्ही लिहिलंत. विमा काढला की तो प्रसंग टळेल, असं तुम्हाला वाटतंय. ताई, तो टळत नाही. मूत्रपिंडं गेलेल्या बारा वर्षांच्या कुत्रीपुढे डॉक्टर तुम्हाला विचारतीलच, किती करायचं? रोज सलाइन लावायचं, पुण्याला न्यायचं, की तिला त्रास न होता जाऊ द्यायचं? पॉलिसीत पैसे शिल्लक असले तरी त्या प्रश्नाचं उत्तर पॉलिसीत नसतं. ते घरात आधी बोलून ठेवावं लागतं, सगळे शांत असताना. बरी होण्याची आशा असेल तर अमुक रकमेपर्यंत आपण जाऊ. नुसतं दुखणं लांबवायचं असेल तर थांबू. हा आकडा तुम्ही तिघांनी मिळून ठरवलेला असला, की त्या रात्री एकट्या तुमच्यावर काही पडत नाही. शिरवळला, पुण्याच्या वाटेवरच, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठी शस्त्रक्रिया निघाली तर तिथे काय होऊ शकतं, खर्च किती येतो, हे आजच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गाडीभाडं पॉलिसी सहसा देत नाही, तेही त्या आकड्यात धरा.

विमा काढलाच, तर काही सवयी लावून घ्या. प्रत्येक बिलावर तुमच्या नावाबरोबर कुत्रीचंही नाव आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. दाखल केल्याच्या दिवशीच कंपनीला कळवा. आणि जे लिहिताना जड जातं तेही लिहिते: पॉलिसीत मृत्यूचा भाग ठेवला असेल आणि तशी वेळ आली, तर पुरण्याआधी कंपनीला फोन करा. शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. घरची माणसं रडत-रडत दोन तासांत शेतात नेऊन पुरतात आणि मग दाव्याला काहीच उरत नाही. तुम्ही तो भाग काढून टाकलात तर या त्रासातून सुटाल, हेही त्याचं एक कारण. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. फी लागत नाही, वकीलही लागत नाही, फक्त कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांकही आहे.

राहिला मुलगा. त्याच्याशी न्याय-अन्यायावर बोलत बसू नका, त्याला कामाला लावा. कंपन्यांना फोन तो करेल, ईमेल तो लिहील, दोघींचे समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो तो काढेल. गंगीला डॉक्टरांकडे नेऊन वयाचा दाखला आणायचं कामही त्यालाच द्या. जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहायचं, असं डॉक्टर विचारतील, तेव्हा पूर कधी आला होता ते यजमानांना विचारून जायला सांगा. ते पिल्लू कुठल्या जिन्याखाली, किती पाण्यात सापडलं, ते त्यांना नक्की आठवत असेल.